तुझं मत असू दे, पण ते एक वाक्य काढ

पत्र (थोडं आटोपशीर करून):

मी लातूरला कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून मराठीत लिहितोय. विषय बहुतेक तंत्रज्ञान आणि राजकारण: आधार, डेटाचा कायदा, एआय, चिप्स, इंटरनेटबंदी, निवडणुका. वाचणारे शंभर-दीडशे असतील. मध्यंतरी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीवर (आधार आणि ओटीपीने ओळख पटवण्यावर) लिहिलं आणि ते कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून घरात वातावरण तापलंय. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. मोठे काका म्हणाले, ‘तुझ्यापायी बापाची नोकरी जायची.’ वर्गातला एक जण मला विरोधी पक्षाचा आयटी सेल म्हणतो. त्याआधी यूपीआयचं कौतुक केलं होतं, तेव्हा दुसऱ्याने अंधभक्त म्हटलं. आमचे एक सर म्हणाले, ‘आधी एम-थ्री काढ, मग देशाचं बघ.’ (एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय, हे खरं आहे.) मी लिहिणं थांबवावं का? पुढे नोकरीला, पासपोर्टला अडचण येते का? आणि ‘तुला काय कळतं’ याला उत्तर काय द्यायचं? सोबत दोन लेख जोडतोय.
— मतवाला, लातूर

उत्तर:

प्रिय मतवाल्या,

थांबू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पण सध्या जे लिहितोस त्यातलं निम्मं बंद केलंस तर बरं होईल. कोणतं निम्मं, ते सांगायला मला जरा जागा लागेल.

पहिला लेख चिप्सवरचा. अमेरिका, चीन, तैवान, भारताने काय करायला हवं, सगळं आहे. मराठी स्वच्छ आहे. पण लातूरला बसलेल्या माणसालाच लिहिता आलं असतं असं एकही वाक्य त्यात नाही. चार इंग्रजी बातम्या वाचल्यास आणि मराठीत आणल्यास. ते काम वाईट नाही, पण ते तुझं मत नाही. तुलाही हे कुठेतरी ठाऊक असावं, कारण एवढ्या लांब पत्रात त्या लेखाबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

दुसरा ई-केवायसीचा. त्याचा सुरुवातीचा भाग मी दोनदा वाचला. सेतू केंद्रावर बायका बसल्यात. एकीच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत, पहिल्या पाळीत, फोन लॉकरमध्ये. ओटीपी जातो त्या लॉकरमधल्या फोनवर. जेवणाच्या सुट्टीत तो फोन हातात घेतो, तोवर ओटीपीची मुदत उलटलेली. मग आईला फोन, ‘परत पाठवायला सांग,’ आणि आकडे सांगेपर्यंत तो लाइनवर थांबतो. हे इतक्यांदा झालं की केंद्रावरचा पोरगा आता अशा बायकांना आल्या आल्या सांगतो, ‘मावशी, तुम्ही दुपारी एकला या.’ हे लिहिणारा माणूस तिथे उभा होता हे कळतं. मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या कुठल्याही धोरणतज्ज्ञाला हे घरबसल्या सुचणार नाही.

त्यापुढचा मुद्दाही नेमका धरलास. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं होतं. जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचं, हा प्रश्न ती प्रक्रिया आखताना कुणाला पडलेला दिसत नाही. ओरड झाली, मग मुदत वाढली आणि अशा बायकांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी वाट काढली गेली. फॉर्ममध्ये एक रकाना सक्तीचा केला की कोण बाहेर पडतं, हे तू सोप्या भाषेत दाखवलंस. तंत्रज्ञान-धोरण म्हणतात ते हेच, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुरतं कळतं. फॉर्ममधल्या सक्तीच्या रकान्याचं कोड तू स्वतः लिहिलेलं आहेस.

आणि मग शेवटच्या परिच्छेदात तू लिहितोस: ‘आपल्या बहिणींचा सगळा डेटा परदेशी कंपन्यांना विकला जातोय आणि मंत्र्यांना त्याचा वाटा मिळतोय.’

हे कुठून आणलंस? लेखात आधार दिलेला नाही, आणि माझा अंदाज असा की तुझ्यापाशीही नाही. वरच्या दोन पानांत तू जे कमावलंस ते या एका ओळीत घालवलंस. गावच्या ग्रुपवर भांडण पेटलं ते या ओळीवरून असणार, ‘दुपारी एकला या’वरून नव्हे. काकांचं बाकी सगळं सोड, पण ही ओळ वाचून ते घाबरले असतील तर त्यांचं चुकलं नाही. पुराव्याशिवाय कुणावर लाच खाल्ल्याचा आरोप करणं हे मत नव्हे, ती बदनामी आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३५६ आहे, आणि तिथे ‘मी विद्यार्थी आहे’ हे उत्तर चालत नाही.

मला राग आला तो वेगळ्या कारणाने. त्या जागी लिहायला तुझ्याकडे खरं आणि जास्त टोकदार काहीतरी होतं, फक्त ते शोधायला कायदा उघडावा लागला असता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. फार मोठा नाही, एका दुपारी वाचून होतो. त्यात कलम ७ आहे. अनुदान, लाभ, सेवा, दाखले देण्यासाठी सरकारला काही अटींवर लोकांची माहिती नव्याने संमती न घेता वापरता येते, असं ते सांगतं. म्हणजे सेतू केंद्रावरच्या त्या बाईला ‘तुमची माहिती वापरू का?’ असं दरवेळी विचारायची गरजच नाही. हे बरोबर की चूक, यावर मत दे. एक बाजू म्हणेल, दर वेळी संमती घेत बसलं तर पैसे पोचणार कधी. दुसरी म्हणेल, गरजू बाई नाही म्हणूच शकत नाही, म्हणून तर अटी जास्त कडक हव्यात. तुझं काय म्हणणं आहे?

आणखी एक. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातला कोणता भाग कधीपासून लागू, ते बघ. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या आणि तुझे-माझे हक्क अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापासून. पण याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती मात्र लगेच लागू. आधी कलम ८(१)(ञ) प्रमाणे एखादी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का आणि व्यापक जनहित आहे का, हे तिथेच तपासावं लागे. आता त्या कलमात उरलंय ते एवढंच, की वैयक्तिक माहितीला सूट. सरकारचं म्हणणं असं की जनहिताचा दरवाजा कलम ८(२) मध्ये अजून उघडा आहे. तेही लिही, ते खरं आहे. पण नागरिकाच्या खासगीपणाच्या नावाने आणलेल्या कायद्यात अधिकाऱ्याला माहिती नाकारण्याची सोय आज आणि नागरिकाचे हक्क दीड वर्षाने, हा क्रम बघून मला तरी हसावं की रडावं कळेना. माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच या राज्याने केला होता. त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. त्या राज्यात यावर मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय. जागा रिकामी आहे, बस.

आता ‘तुला काय कळतं’.

याला तोंडी उत्तर देऊ नकोस, वाद वाढतो. पण स्वतःपुरतं उत्तर माहीत असू दे. मार्च २०१५ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटवरच्या सेवांबद्दल एक सल्लामसलतीचा कागद काढला. ११८ पानं, २० प्रश्न, इंग्रजी असं की वकिलालाही चहा लागावा. काही तरुण मंडळींनी ते प्रश्न सोप्या भाषेत मांडले, उत्तरांचा मसुदा करून दिला, आणि दहा लाखांवर ईमेल गेले. ते पाठवणारे काही दूरसंचारतज्ज्ञ नव्हते. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने काही वेबसाइट स्वस्त आणि बाकीच्या महाग असे वेगवेगळे दर लावायला मनाई केली, आणि निवडक वेबसाइट तेवढ्या फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना इथून गेली.

त्या वादातली एक गोष्ट मला अजून आठवते. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी इथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहून फ्री बेसिक्सची बाजू मांडली. त्यात उदाहरण कुणाचं? महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. तो म्हणे त्यावर हवामान बघतो, बाजारभाव बघतो. बघत असेलही. पण आपल्या शेतकऱ्याला इंटरनेट कसं हवं, हे कॅलिफोर्नियातून इंग्रजीत सांगितलं जात होतं आणि त्यावर इंग्रजीतच भांडण चाललं होतं. त्या शेतकऱ्याला गाठून ‘काका, तुम्हाला यूट्यूब हवंय की नुसता बाजारभाव?’ असं मराठीत विचारणारं कुणी निदान माझ्या वाचनात आलं नाही.

तुझी जागा ती आहे. दोन-तीन विषय तर तुझ्या दारातच आहेत. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ज्याचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे त्याचं काय? ठोक्याने कसणाऱ्याचं काय? ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करताना, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. तुमच्याकडे सोयाबीनच्या रानात रेंज किती येते, ती मोजायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. आणि २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या एआयसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलंय, पाचशे कोटींचं. ते धोरण वाच आणि मग गावातल्या पाच जणांना विचार की त्यातलं त्यांच्या कानावर काय आलंय. चिप्सवर लिहायला दिल्लीत माणसं कमी नाहीत.

मसुदे येतात तेव्हा हरकती-सूचनाही पाठवत जा. डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला होता आणि मुदत वाढवून ५ मार्चपर्यंत सूचना घेतल्या. लोकांनी काय पाठवलं ते सरकारने प्रसिद्ध केलं नाही, म्हणून आपण पाठवलेलं आपणच छापून ठेवावं. तुझ्या लेखाचा तोही एक उपयोग.

राजकारणाचं सांगते. एकाने आयटी सेल म्हटलं, दुसऱ्याने अंधभक्त. दोघांचं ऐकून तू मधोमध लिहायला लागशील अशी मला भीती वाटते, म्हणजे प्रत्येक परिच्छेदात एक दगड इकडे, एक तिकडे. तसलं लिखाण कुणी वाचत नाही. त्यापेक्षा जुनं उकरून काढ. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडी होती. त्या वेळी विरोधात बसून आधारवर टीका करणाऱ्या भाजपने सत्तेत आल्यावर २०१६ मध्ये त्याचा कायदा केला, तोही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवता येऊ नये अशा रीतीने. ज्यांनी आधार आणलं ते मग त्याविरुद्ध बोलू लागले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ (ऑनलाइन ‘त्रासदायक’ काही लिहिलं की शिक्षा देणारं) आणलं २००८ च्या दुरुस्तीने, म्हणजे काँग्रेस आघाडीच्या काळात, आणि सर्वोच्च न्यायालयात ते वाचवायला शेवटी उभं राहिलं ते भाजपचं सरकार. हे असं तारीखवार मांडलंस की कुणी तुला कशाचा सेल म्हणायचं तेच त्यांना कळणार नाही. आणि यूपीआय चांगलं चाललंय असं वाटलं तर बिनधास्त तसं लिही. त्यासाठी पुढे एक ‘पण’ जोडायची गरज नाही.

६६अ चं नाव निघालं म्हणून भीतीबद्दल. तुझी भीती उगाचची नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, आणि पालघरच्या एका मुलीने त्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल ही विशीतली तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची ताजी आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पुण्यात इंजिनिअरिंगच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची एक पोस्ट पुढे टाकली. दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजने नाव काढून टाकलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ ती कोठडीत होती. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला चांगलंच सुनावलं, तिला सोडायला लावलं आणि परीक्षेला बसू दिलं. न्याय मिळाला म्हणायचं, पण ते दिवस तिला कोण परत देणार?

म्हणून, कायद्याने तुझ्या बाजूने असलेल्या गोष्टी वेगळ्या आणि मे महिन्यातल्या एखाद्या तापलेल्या रात्री ठाण्यात घडणाऱ्या गोष्टी वेगळ्या, हे धरून चाल. ६६अ गेलं तरी न्याय संहितेत १५२, १९६, ३५३ ही कलमं आहेत. देशाची अखंडता, दोन समाजांतलं वैर, खोटी माहिती आणि अफवा. धोरणावरच्या तुझ्यासारख्या लेखाला त्यांचा सहसा संबंध येत नाही. येतो तो रात्री साडेअकराला रागात फॉरवर्ड केलेल्या दुसऱ्याच्या पोस्टमुळे. तेव्हा युद्ध, दंगल, धर्म तापलेला असताना दुसऱ्याचं काही पुढे ढकलू नकोस. स्वतःचं लिही, सकाळी वाच, मग टाक. आणि कधी ठाण्यातून फोन आलाच तर एकटा जाऊ नकोस. घरी सांग, वकील गाठ. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, पात्र असणाऱ्याला तिथे मोफत वकील मिळतो. पासपोर्टच्या पडताळणीत गुन्हा दाखल आहे का ते बघतात, ई-केवायसीवर मत काय हे नाही. नोकरीचं म्हणशील तर सातबारा आणि सॉफ्टवेअर दोन्ही कळणारा, सरळ लिहिता येणारा मुलगा नको म्हणणारी कंपनी तुला तरी कशाला हवी?

बाबांचं मात्र नीट समजून घे, कारण इथे काकांचं अर्धं बरोबर आहे. जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने राज्य सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारच्या धोरणावर टीका करायला बंदी घातली आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक त्यात येतो. शिक्षकाचा मुलगा येत नाही. तू सज्ञान आहेस, तुझ्या नावाने लिहितोस, तो निर्णय तुला लागू नाही. पण बाबांनी कौतुकाने तुझा लेख शाळेच्या ग्रुपवर टाकला तर गोष्ट वेगळी होते. असं त्यांनी कधी केलंय का, पत्रात तू लिहिलं नाहीस. मला शंका आहे की केलंय, बापाचा स्वभाव. त्यांना नीट समजाव: वाचा, चुका काढा, पण तुमच्या फोनवरून कुठे पाठवू नका, लाइकही करू नका. आणि तूही लेखात ‘माझे वडील शिक्षक आहेत, त्यांच्या शाळेत असं होतं’ असं लिहू नकोस. शाळेबद्दल लिहायचंच झालं तर दुसऱ्या तालुक्यातली शाळा घे.

घरचा विरोध यानेही पुरता मावळणार नाही. काकांना मी ओळखत नाही, पण शेती असेल तर त्यांचा शेतकरी ओळख क्रमांक काढताना काय काय झालं ते वही घेऊन विचारायला जा. नाव घालणार नाही असं आधीच सांग. तासभर तरी बोलतील.

सरांचंही ऐक. एम-थ्रीचा निकाल तुझ्या मतांवर अवलंबून नाही हे खरं, पण नापास झालास तर घरात दोष लेखांनाच जाणार, आणि तेव्हा तुझी बाजू घ्यायला बाबांनाही तोंड राहणार नाही. परीक्षा होईपर्यंत महिन्याला एकच लेख लिही.

ते वाक्य मात्र आजच काढ. गुपचूप पुसू नकोस. लेखाखाली तारीख टाकून लिही की अमुक विधानाला माझ्याकडे आधार नव्हता, म्हणून मागे घेतोय. गावच्या ग्रुपवर जुना लेख फिरतोच आहे, तिथेही हे दोन ओळींत टाक. वर्गातला तो पोरगा ‘घाबरला’ म्हणेल, म्हणू दे. त्या जागी कलम ७ चा परिच्छेद लिहून झाला की मला पाठव, वाचते.